त्रेसष्ट, चौसष्ट

शंबे तांडेलाची होडी लागली तेव्हा
खसबच्या डोंगरांवर उजेड चढला नव्हता.
मी धक्क्यावर, काखेत वही.
पलीकडच्या किनाऱ्याहून शेळ्या येतात, त्या मोजायच्या,
कानामागचा निळा ठिपका बघायचा,
आकडा लिहायचा.
बारा वर्षं हेच.
दाभोळच्या शाळेत पाढ्यांपायी मार खाल्लेला मी
इथे आकड्यांवर पोट भरतो.

कागदावर होत्या चौसष्ट.
टॉर्चचे सेल उतरलेले, म्हणून हातानेच मोजत गेलो.
शिंग. पाठ. ओलं नाक. पुन्हा शिंग.
एकसष्ट, बासष्ट,
आणि मग एक कान.
लहान. लव नसलेला. गार.
पाळीला भोक, भोकात काडी,
आमच्याकडे मुलींच्या कानात घालतात तशी,
सोनं घडेपर्यंत.

मी हात काढला नाही.
कानही हलला नाही.
बाजूने कोणीतरी बें केलं,
इतकं हुबेहूब
की खऱ्या शेळ्या गप्प झाल्या.

"मास्तरची पोरं," शंबे म्हणाला,
दोर बांधता बांधता, भाव सांगावा तसा.
"रात्रीचा घरच्या बोलीत लिहायला शिकवायचा.
त्याला नेला. फळासुद्धा नेला.
मग पोरांकडे आले विचारायला,
शिकायला कोण कोण यायचं.
मोठीला सगळी नावं पाठ आहेत रे."

माहगंज अकराची, केस भादरलेले.
बीबर्ग सहाचा.
गस्तीची लाँच आली की बें करायचं,
नाव विचारलं तरी बें, चिमटा काढला तरी बें,
एवढं त्याला पढवलेलं.
पोचल्यावर थांबव,
हे सांगायचं राहून गेलं होतं.
मी चहा पुढे केला, तो म्हणाला, बें.
बिस्किट बुडवून दिलं. बें.

दिवसभर बर्फाच्या कोठीमागे ठेवली दोघांना.
रॉकेलच्या चिंधीने मी निळा रंग पुसला,
तिचा निघाला, त्याचा थोडा राहिला कानामागे.
ती तुटक्या उर्दूत बोलायची.
आधी विचारलं, पाणी विकत आहे का.
मग, रात्री दार आतून लावता येतं का.
मग बराच वेळ गप्प बसून,
"इथे भिंतीवर कोणाचा फोटो लावावा लागतो?"

कचेरीतल्या फोटोकडे माझी पाठ होती.
मी म्हटलं, तुम्ही लहान आहात, तुम्हाला नाही लावावा लागत.
माझा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत असतो,
तेही सांगितलं नाही.
तिने ऐकून घेतलं,
थोरल्या बहिणी धाकट्याची थाप ऐकतात तसं.

दिवेलागणीला मासळीची एक लाँच
बातिनाकडे निघाली. तिथे त्यांची मावशी आहे म्हणे,
किंवा मावशीसारखी कोणी.
माहगंज जाळ्यांवर बसली, ताठ,
ओठ हलत होते. आधी वाटलं, दुआ.
मग कळलं, नावं म्हणतेय. एकेक. विसरू नयेत म्हणून,
की विसरता यावीत म्हणून, कोण जाणे.
बीबर्गने माझ्याकडे बघून तोंड उघडलं.
इंजिन धडधडत होतं.
बें म्हणाला, का स्वतःचं नाव सांगितलं,
ऐकू आलं नाही.

रात्री वही उघडली.
आवक चौसष्ट. त्यात मेलेल्या, दोन.
मेलेल्या लिहिताना पेन अडलं,
शाई होती तरी अडलं.
मालकाने दोन शेळ्यांचे पैसे पगारातून कापले,
वर म्हणाला, बारा वर्षांत पहिल्यांदा चुकलास.

घरी पैसे कमी गेले त्या महिन्यात.
रुखियाने फोनवर विचारलं, काय झालं?
वारा होता, म्हटलं.
होड्याच आल्या नाहीत.